तुम्ही खरंच आहात ना? ऑनलाइन दुकानावर गिऱ्हाइकाचा विश्वास कशाने बसतो आणि कशाने उडतो

देवगड तालुक्यात माझ्या चुलत भावाची हापूसची कलमं आहेत, मी राहते पुण्यात, आणि काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून आंबे, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी असलं सगळं घरपोच विकायला साइट काढली. साइट दिसायला एकदम झकास झाली होती बरं का. थीम विकत घेतलेली, हिरवे-पिवळे रंग, लोगो, सगळं. लोक यायचेसुद्धा, पेटी कार्टमध्ये टाकायचे, पत्ता भरायचे, पिनकोड भरायचे, आणि पैसे भरायच्या पानावर पोचले की गायब. रोज तेच. मला वाटलं गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी यंत्रणा, बिघडलाय, म्हणून स्वतःच दोनदा टेस्ट पेमेंट करून बघितलं, तर पैसे व्यवस्थित जात होते.

मग फोन यायला लागले. पहिला फोन नाशिकच्या एका आजींचा. भाव नाही विचारला, साइज नाही विचारली, थेट म्हणाल्या, "अगं, तुम्ही खरंच आहात ना?" मी म्हटलं, आहे ना आजी, बोलतेय की तुमच्याशी. "तसं नाही गं. पैसे भरले आणि आंबे आलेच नाहीत तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

त्या दिवसापासून फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आणि जो जो फोन येईल त्यातला पहिला प्रश्न त्यात लिहायला लागले. मे संपेपर्यंत वही बरीच भरली, आणि वाचून बघितलं तर प्रश्न दहा तऱ्हेचे असले तरी त्यांच्या आत हा आजींचाच प्रश्न बसलेला होता, की गडबड झाली तर पकडायचं कोणाला. साइट किती गुळगुळीत आहे याच्याशी कुणालाच घेणंदेणं नव्हतं. खाली लिहितेय ते बरंचसं त्या वहीतून आलंय. तुम्ही पापड विका, पैठण्या विका नाहीतर मोबाइलची कव्हरं, फार फरक पडत नाही.

आधी माणूस दिसू द्या

आमच्या साइटवर सुरुवातीला काय होतं, तर "आमच्याविषयी" म्हणून एक पान, त्यावर "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही" वगैरे चार ओळी, आणि खाली एक फॉर्म, की तुमचा मेसेज इथे टाका आम्ही संपर्क करू. पत्ता नाही, नाव नाही, फोन नंबर मी मुद्दाम काढून टाकला होता कारण दिवसभर फोन कोण घेणार. (नंबर नव्हता तर आजींना मिळाला कुठून? पेटीवरच्या लेबलवरून, त्यांच्या भाचीकडे आमची पेटी गेली होती.)

हे सगळं भावाला वाचून दाखवलं तर तो शांतपणे म्हणाला, "जो पैसे देतलो तेका कळाक नको, कोणाक दिले ते?"

तर पहिलं काम हे करा. पूर्ण पत्ता टाका, गाव, तालुका, पिनकोडसकट, नुसतं "कोकण, महाराष्ट्र" असं नको. चालू फोन नंबर टाका आणि तो कुठल्या वेळेत उचलला जाईल ते लिहा, मी "सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ८, दुपारी झोपते" असं लिहिलंय आणि लोकांना ते फार आवडतं, तीनला फोन करणारे आधी सॉरी म्हणतात. मालकाचं नाव लिहा. एक फोटो लावा, स्टुडिओतला नको, बागेतला, घामेजलेला चालेल. ईमेल ठेवायचा तर साइटच्याच नावावरचा घ्या. फुकटातल्या ईमेलवरून बिल आलं की माणूस एक क्षण थबकतोच.

आणि ही काही माझी हौस नाहीये, कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० साली आले, त्यात स्वतःची साइट चालवणाऱ्या दुकानदाराने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा दाखवायचं असतं. अधिकारी शब्दाला घाबरू नका, दोन माणसांच्या दुकानात तो अधिकारी तुम्हीच. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असा तो नियम आहे. आम्ही पानाच्या तळाला लिहिलंय "तक्रार असेल तर थेट मला सांगा", खाली माझं नाव, नंबर. फोन वाढतील अशी भीती होती, उलट कमी झाले. नंबर दिसला की बहुतेकांना तो लावावासाच वाटत नाही. आहे एवढं पुरतं.

नंबरांचं म्हणाल तर जीएसटी असेल तर तो तळाला टाका. १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. खाद्यपदार्थ पॅक करून विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर पाकिटावर आणि साइटवर दोन्हीकडे. हे नंबर कुणी वाचत नाही असं मला वाटायचं. एक दिवस ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने आमचा नंबर सरकारी पोर्टलवर टाकून भावाचं नाव काढलं आणि मला फोनवर वाचून दाखवलं. मग ऑर्डर दिली, चार पेट्या.

पैसे भरताना दिसणारं नाव

हे मी वेगळं लिहितेय कारण यात आमचा सगळ्यात जास्त धंदा बुडाला आणि कारण समजायला दीड महिना गेला.

साइटचं नाव एक. बँकेतलं खातं भावाच्या नावावर, म्हणजे आधारवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट लांबलचक. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरायला जातं, क्यूआर स्कॅन करतं, आणि स्क्रीनवर येतं भलत्याच माणसाचं नाव. आता तुम्हीच सांगा, गेली काही वर्षं प्रत्येक जण घरच्यांना हेच शिकवतोय ना की पैसे पाठवायच्या आधी समोर आलेलं नाव नीट वाच म्हणून? लोक वाचतात. वाचतात आणि मागे फिरतात, आणि बरोबरच करतात.

खरा उपाय म्हणजे धंद्याच्या नावाने चालू खातं काढून गेटवेवर तेच नाव लावून घ्यायचं, ते आम्ही पुढच्या वर्षी केलं. पण तोवर पैसे भरायच्या बटणाच्या वरती एक ओळ टाकली, "पैसे भरताना तुम्हाला अमुक अमुक हे नाव दिसेल, ते आमच्या बागेच्या मालकांचं नाव आहे." बास. कार्ट सोडून जाणारी माणसं त्याच आठवड्यात कमी झालेली दिसली. कार्डाच्या स्टेटमेंटवर काय नाव छापून येतं तेही एकदा स्वतः खरेदी करून बघा, महिन्याने स्टेटमेंट बघून "हा खर्च मी केलाच नाही" म्हणून बँकेत तक्रार टाकणारे असतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

व्हॉट्सअॅपवर पर्सनल क्यूआरचा फोटो पाठवून "यावर टाका पैसे" हे तर अजिबात करू नका. ओळखीच्यांत चालतं. अनोळखी माणसाला मात्र हा थेट फसवणाऱ्यांचा नमुना वाटतो.

कार्डाचं एक सांगून ठेवते, कारण वयस्कर लोक विचारतात की तुम्ही माझा कार्ड नंबर साठवून तर नाही ना ठेवणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला परवानगीच नाहीये, त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजीचा एक कोड असतो. हे दोन ओळींत सोप्या मराठीत पेमेंटच्या पानावर लिहा. "आमची साइट १००% सुरक्षित" असा ढालीचा शिक्का लावण्यापेक्षा ते बरं, तो शिक्का कुणीही कुठूनही उचलून लावतो.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल वहीत सगळ्यात जास्त नोंदी आहेत. आधी माल बघू मग पैसे, हा साधा हिशोब आहे आणि नवीन दुकानाला पहिली ऑर्डर बरेचदा त्यानेच मिळते. पण आंब्यासारख्या नाशवंत मालात पेटी परत आली म्हणजे दुप्पट भाडं आणि वर पिकून गेलेला माल. आम्ही मधला रस्ता काढला, आंब्याला थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेले पैसे पेटी दारात आल्यावर, आणि आमसुलं-पिठाला पूर्ण कॅश चालेल. तुमचा माल टिकाऊ असेल तर पहिलं वर्ष तरी कॅश ठेवाच, तोटा जाहिरातीच्या खर्चात धरा.

फोटो

इंटरनेटवर तयार मिळणारे स्टॉक फोटो लावू नका. आता कुठल्याही फोटोवर बोट दाबून गूगल लेन्सने शोधलं की तोच फोटो आणखी पन्नास साइटवर निघतो, मग तुमचं खरं असलेलंही खोटं ठरतं. आमच्या पहिल्या फोटोतला आंबा इतका केशरी आणि चकचकीत होता की भाऊ म्हणाला हा आपल्या जन्मात आपल्या कलमावर लागायचा नाही.

मग मी फोनवर काढलेले फोटो लावले. वजनकाट्यावर ठेवलेला आंबा, काट्यावरचा आकडा दिसतोय असा. पेंढ्यात लावलेली पेटी. देठाजवळ चिकाचा डाग असलेलं फळ आणि खाली लिहिलं, हा डाग चिकाचा आहे, आत काही होत नाही. आणि एक फोटो साक्याचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे हापूस बाहेरून देखणा, पिवळाधमक, आणि कापला की आत गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा, बेचव. बाहेरून कुणालाच कळत नाही, आम्हालाही नाही. माझ्या नवऱ्याने डोक्याला हात लावला, आपल्याच दुकानात खराब आंब्याचा फोटो कोण लावतं म्हणे. पण खाली मी लिहिलं होतं, "असा निघाला तर कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत." वर्षाला मोजके फोटो येतात. पैसे लगेच पाठवते. आणि त्या एका फोटोमुळे जेवढ्या लोकांनी ऑर्डर दिलीय तेवढी केशरी चकचकीत फोटोने आयुष्यात दिली नसती.

कपडेवाल्यांनी साडी घडीची, उलगडलेली आणि उन्हात धरलेली अशी तिन्ही दाखवावी, रंगाची भांडणं निम्म्याने मिटतील. बाकी माप सेंटीमीटरमध्ये लिहा, "मध्यम" म्हणजे काय ते तुमचं तुम्हालाच माहीत.

भाव आणि टायमर

भाव स्वस्त ठेवला की लोक येतात हा समज काढून टाका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुणी अस्सल देवगड हापूस निम्म्या भावात देतोय म्हटलं की जाणत्याला कळतं की काहीतरी पाणी मुरतंय. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणं काही थांबलेलं नाही. त्यामुळे आमच्या धंद्यात संशय हा गिऱ्हाइकाचा धर्मच आहे. तुमचा भाव बाजारापेक्षा कमी असेल तर का कमी आहे ते लिहा, जास्त असेल तरी लिहा. आम्ही लिहितो की पेटीच्या किमतीत फळ किती, पॅकिंग किती, गाडीभाडं किती. कुणी म्हणेल एवढं उघडं कशाला करायचं. करून बघा, घासाघीस बंद होते.

भाडं शेवटच्या पानावर वाढवू नका. पेटी आठशेची म्हणायची आणि पैसे भरताना "पॅकिंग चार्ज, हँडलिंग चार्ज, सुविधा शुल्क" लावून हजारावर न्यायची, याच्याइतका संताप गिऱ्हाइकाला दुसऱ्या कशाचाच येत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केलीय, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना. भाव हप्त्याहप्त्याने उघड करणं त्यात आहे, न विचारता कार्टमध्ये जादा वस्तू टाकणं आहे, खोटी घाई करवणंही आहे.

त्या खोट्या घाईत मी स्वतः सापडलेय. विकत घेतलेल्या थीममध्ये एक टायमर आयताच चालू होता, "ऑफर संपायला १४ मिनिटं" आणि शेजारी "फक्त २ पेट्या शिल्लक, आत्ता ११ जण बघत आहेत." मला तो छान वाटला होता, खोटं कशाला बोलू. डोंबिवलीच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांचा फोन आला. "ताई, मी तुमचं पान सकाळी उघडलं तेव्हा १४ मिनिटं होती, जेवून उघडलं तेव्हा १४, आत्ता चहा घेताना परत १४. आणि ते ११ जण सकाळपासून तिथेच बसलेत का?" मला तेव्हा हसूही आलं आणि लाजही वाटली. टायमर त्याच संध्याकाळी काढला. आता स्टॉक संपत आला तर खरा आकडा टाकते आणि संपला की "या आठवड्याची तोड संपली, पुढची तोड मंगळवारी" असं लिहिते. तुमच्या थीममध्ये असलं काय काय आयतं चालू आहे ते एकदा बघून घ्या, आणि आधीच टिक करून ठेवलेले चौकोन असतील तर तेही काढा, संमती गृहीत धरायची नाही असं त्या २०२० च्या नियमातही आहे.

आंबे नव्हे, आमरस

रिव्ह्यूबद्दल लोक हुशार झालेत. सगळे पाच तारे, सगळे एकाच आठवड्यातले, सगळ्यांची भाषा "खूप छान प्रॉडक्ट, नक्की घ्या" अशी, की गिऱ्हाईक समजतं काय ते. खोटे रिव्ह्यू स्वतः गिऱ्हाईक बनून टाकायला नियमानेही बंदी आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० नावाचं मानकही काढलंय, पण मानक राहू द्या बाजूला, माझा अनुभव सांगते.

एका मे महिन्यात आमच्या बऱ्याच पेट्या एका कुरिअरवाल्याने नागपूरच्या वाटेवर गोदामात दोन दिवस पाडून ठेवल्या. नागपूरचा मे तुम्हाला माहितीये. पेटी पोचली तेव्हा खालचा थर फुटलेला, पुठ्ठा ओला. त्या ताईंनी फोटोसकट रिव्ह्यू टाकला, एक तारा, आणि वर लिहिलं, "आंबे मागवले होते, आमरस आला. वाटी पाठवायला विसरलात."

पहिली इच्छा काय होते, डिलीट. हात तिथपर्यंत गेलाही होता. पण मी फोन केला, पूर्ण पैसे परत केले, पुढच्या तोडीची पेटी दुसऱ्या गाडीने पाठवली, आणि रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं: काय झालं, कुठे अडकलं, पैसे कुठल्या तारखेला परत केले, आणि यापुढे लांबच्या शहरांना पेटी सोमवारीच काढणार म्हणजे रविवार मधे येत नाही. तो रिव्ह्यू अजून साइटवर पहिल्या पानावर आहे. ताईंनी नंतर तीन तारे केले, पाच नाही, म्हणाल्या दोन तारे माझ्या चादरीचे, त्यावर रस सांडला होता. दर वर्षी दोन-तीन जण तरी फोनवर म्हणतात, ते आमरसवालं वाचलं म्हणून तुमच्याकडून घेतोय.

तर वाईट रिव्ह्यू ठेवा, उत्तर द्या, आणि उत्तरात "आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य कृपा करून टाकू नका, ते वाचलं की मशीनशी बोलल्यासारखं वाटतं. काय झालं ते सांगा. गिऱ्हाइकाशी भांडूही नका, ते चुकलं असेल तरी. वाचणारा तिसरा माणूस त्यात तुमचा स्वभाव बघतो.

परत घेण्याचं पान

हे पान बहुतेक जण दुसऱ्याच्या साइटवरून उचलतात. मीही उचललं होतं. त्यात लिहिलं होतं की वाद झाल्यास दिल्लीच्या न्यायालयात, आणि एका जागी मूळ कंपनीचं नाव तसंच राहिलेलं, ती कंपनी बूट विकायची. सातव्या कलमात "सोल झिजल्यास" असं काहीतरी होतं. आंब्याचा सोल.

ते काढून मी पाच ओळी लिहिल्या, आपण बोलतो तशा. पेटी फुटकी आली तर घेऊ नका, तिथूनच फोन करा. कापल्यावर साका निघाला तर २४ तासांत फोटो. पैसे परत यायला किती दिवस, तर आमच्याकडून त्याच दिवशी निघतात, बँकेत दिसायला आणखी काही दिवस लागतात. आंबा कच्चा आहे म्हणून तक्रार असेल तर जरा थांबा, तो पिकायला ठेवायचाच असतो, कसा ठेवायचा ते पेटीतल्या चिठ्ठीत आहे. आवडला नाही म्हणून पिकलेला आंबा परत घेता येत नाही, हेही स्पष्ट लिहिलंय.

"पेटी उघडतानाचा सलग, न कापलेला व्हिडिओ असेल तरच तक्रार घेऊ" ही अट हल्ली सगळीकडे दिसते. दुकानदार म्हणून मला त्यामागचं दुखणं कळतं, रिकामा डबा आला म्हणून खोटं सांगणारेही असतातच. पण सत्तरीतल्या आजोबांनी एका हातात कात्री आणि एका हातात फोन धरून पेटी कशी उघडायची सांगा. ही अट वाचताना मनात पहिला विचार येतो की हे आपल्याला आधीच चोर समजतायत. महागड्या इलेक्ट्रॉनिक्सला ठेवा हवी तर. पापडाला नको.

पैसे घेतल्यावर गप्प बसू नका

ऑर्डर झाली आणि दुकानाकडून शुकशुकाट, यात विश्वास सगळ्यात पटकन आटतो. पहिल्या रात्री माणूस अस्वस्थ असतो, दुसऱ्या दिवशी फोन करतो, तिसऱ्या दिवशी शिव्या लिहितो. आम्ही तीन मेसेज पाठवतो, पैसे मिळाले, पेटी भरली, गाडी निघाली. हंगामाच्या गर्दीत भाऊ एक फोटो टाकतो आणि मी तो पुण्याच्या सगळ्यांना पुढे ढकलते, "गाडी फोंडाघाट चढली, उद्या सकाळी पेटी पुण्यात." कुरिअरचा बारा आकडी ट्रॅकिंग नंबर कुणी उघडून बघत नाही, फोंडाघाटाचं उत्तर मात्र सगळे देतात, वाट बघतोय म्हणून.

उशीर होणार असेल तर तो तुम्ही आधी सांगा, गिऱ्हाइकाने विचारायच्या आत. एवढंच यातलं.

आणि तुम्ही घेणारे असाल तर

हेच सगळं उलटं वापरा. अनोळखी साइटवर मोठी रक्कम भरायच्या आधी फोन लावून बघा, उचलतंय का कुणी, आणि उचललं तर मालाबद्दल नीट बोलतंय का. जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता शोधता येतो, तिथे निघालेलं नाव आणि साइटवरचं नाव जुळतंय का बघा. खाद्यपदार्थ असेल तर १४ आकडी नंबर एफएसएसएआयच्या साइटवर टाका. सोनं असेल तर दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघता येतो. साइट कधी रजिस्टर झाली ते हूइज नावाच्या शोधाने फुकट कळतं, "१९८५ पासून आपल्या सेवेत" म्हणणारी साइट गेल्या महिन्यात काढलेली निघाली तर विचारा त्यांना. जुनं दुकान नवीन साइट काढू शकतं हे मान्य, पण मग सांगायला त्यांना काही अडचण नसावी.

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप किंवा एचटीटीपीएस बघून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला कोण बसलंय ते त्यातून कळत नाही, फसवणाऱ्यालाही ते कुलूप फुकट मिळतं. आणि पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर तिथेच फोन ठेवा, पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही.

फसलाच तर लाजून बसू नका, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तिला लगेच फोन, जितक्या लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. माल खराब, परतावा देत नाहीत असलं भांडण असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटची चाचणी, काकूंची

विकणाऱ्यांसाठी एक राहिलं. साइट तयार झाली की ती घरच्यांना दाखवू नका, ते छान म्हणणार. ज्याला तुमच्या धंद्याचं काही देणंघेणं नाही असं कुणीतरी पकडा, त्याच्या हातात फोन द्या, एक वस्तू मागवायला सांगा, आणि तुम्ही मागे गप्प उभे राहा. बोट कुठे थांबतं एवढंच बघायचं. थांबलं की विचारायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं.

मी शेजारच्या काकूंना बसवलं होतं. पेटी टाकली, नाव टाकलं, पत्ता टाकला, आणि बोट थांबलं जन्मतारखेवर. बराच वेळ थांबलं. शेवटी चष्मा वर करून त्या माझ्याकडे वळल्या, "आंब्याला माझी जन्मतारीख कशाला गं?"

थीममध्ये आयता आलेला चौकोन होता तो. मला ठाऊकच नव्हता.